देशोदेशींचे खेळाडू आणि त्यांचें कौशल्य

शाळेच्या मधल्या सुटींत मुलांचे जे वाद हिरिरीनें चालतात, त्यांतील एक वाद कधींच जुना होत नाहीं. कोणत्या देशाचे लोक कोणत्या खेळांत श्रेष्ठ, आणि तें कां, असा तो वाद होय. जपानी मनुष्य चपळ, रशियन मनुष्य आडदांड, पंजाबी मनुष्य दूधतुपावर पोसलेला, अशीं उत्तरें तयारच असतात; आणि आपल्याविषयीं बोलण्याची पाळी आली म्हणजे "आपल्या लोकांच्या अंगांतच तें नाहीं" हें वाक्य ठरलेलें असतें. मुलें हें वाक्य कोठून शिकतात, तें पालकांस वेगळें सांगावयास नको. तें खरें असेल तर व्यायामशाळांना कुलूप घालण्यास हरकत नाहीं; आणि खोटें असेल, तर तें मुलांच्या कानांवर वारंवार घालणें हा मोठाच अन्याय होय. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

शास्त्राच्या वर्गांत एखाद्या परिणामाचें कारण शोधावयाचें असतां आपण संशयित कारणांपैकीं एक बाजूला काढतों आणि परिणाम तसाच टिकतो कीं काय, तें पाहतों. खेळांतून शरीरबळच बाजूला काढतां आलें तर? असा एक खेळ आज मुलांच्या हातांत आहे, आणि पालकांची त्याजकडे पाहण्याची दृष्टि सहसा वांकडी असते. पडद्यावर दोन मल्ल उभे राहतात. समोर बसलेले दोन खेळाडू बोटांनीं कळा दाबून त्यांना लढवितात. "स्ट्रीट फायटर" आणि "टेकन" हे या जातीचे प्रसिद्ध खेळ होत. येथें उंची, वजन, छाती यांचा कांहीं उपयोग नाहीं. देशोदेशींच्या कौशल्यांतील भेद रक्तामांसामुळेंच पडत असेल, तर तो या खेळांत नाहींसा व्हावयास पाहिजे. पण तो नाहींसा होत नाहीं. पुष्कळ वर्षें जपान आणि कोरिया या दोन देशांचे खेळाडू इतरांहून स्पष्टपणें सरस ठरत आले.

कोणी म्हणेल, त्यांचीं बोटें चपळ असतील. तर मग हांगझौ येथील आशियाई खेळांत, सन २०२३ मध्यें, "स्ट्रीट फायटर"चें सुवर्णपदक कोणीं जिंकलें तें पाहा. तें कोरियाच्या किम ग्वान-वू यांनीं जिंकलें, आणि तेव्हां त्यांचें वय ४४ वर्षांचें होतें. केवळ चपळाईचाच प्रश्न असता, तर हें पदक एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाच्या गळ्यांत पडलें असतें.

खरी गोष्ट अशी आहे. या खेळांत पडद्यावरील चित्र एका सेकंदांत ६० वेळां बदलतें. "टेकन"मधील जलद ठोसा १० चित्रांत, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या हिश्शांत, येऊन बसतो. डोळ्यानें पाहून बोट हलविण्यास मनुष्यास साधारणतः याहून अधिक वेळ लागतो. अर्थात् ठोसा पाहून तो चुकविणें शक्यच नाहीं. तो येणार हें आधीं ओळखावें लागतें. आणि हें ओळखणें म्हणजे समोरच्याच्या संवयी जाणणें. ही विद्या एकट्यानें घरीं बसून येत नाहीं. तिला जोड लागतो, आणि तोही आपल्याहून थोडा वरचढ.

जपानांत व कोरियांत असे जोड नाणें टाकून खेळण्याच्या दुकानांत मिळत. तेथील रिवाज असा कीं, हरणारा उठे, जिंकणारा बसून राही, आणि पुढचा मनुष्य नाणें टाकून त्याच्याशीं भिडे. चांगल्या खेळाडूस एकाच पैशांत तासभर सराव मिळे, आणि नवशिक्यास प्रत्येक चुकीची किंमत रोख मोजावी लागे. आमच्या मतें यापेक्षां कडक पाठशाळा क्वचितच असेल. दूरच्या देशांतील प्रतिस्पर्ध्याशीं तारांवरून खेळावें म्हटलें, तर संदेश जाण्यायेण्यांतच कित्येक चित्रांचा काळ खर्ची पडतो. म्हणून ज्याच्या शेजारीं चांगले खेळाडू, त्याचा खेळ चांगला, असें या विद्येचें भूगोलाशीं नातें जडलें.

याची कसोटी २०१९ सालीं लागली. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत जपानमधील फुकुओका येथें व ऑगस्टांत अमेरिकेंतील लास वेगास येथें "टेकन"चे मोठे सामने झाले, आणि दोन्ही ठिकाणीं पहिला आला तो लाहोरचा अर्सलान सिद्दीक, जो "अर्सलान अ‍ॅश" या नांवानें खेळतो. पाकिस्तानाचें नांव या खेळांत तोंवर कोणीं गंभीरपणें घेतलें नव्हतें. आपल्या देशांत आपल्या तोडीचे आणखीही खेळाडू आहेत, असें त्यानें सांगितलें. आणि कोरियाचा नामांकित खेळाडू "नी" हा पुढें स्वतः पाकिस्तानांत जाऊन खेळला, तेव्हां तें खरें असल्याचें दिसून आलें. ते खेळाडू एका रात्रींत उत्पन्न झाले नव्हते. ते लाहोरच्या दुकानांत वर्षानुवर्षें एकमेकांस घासून घेत होते. प्रवासाचा खर्च व परदेशीं जाण्याचे परवाने यांच्या अडचणीमुळें जगास ते दिसत नव्हते, एवढेंच. म्हणून सामन्यांचे निकाल वाचतांना एक गोष्ट विसरूं नये. त्यांत कौशल्य दिसतें हें खरें, पण तिकिटाचे पैसे कोणाजवळ होते, हेंही दिसतें.

आतां ज्या खेळांत शरीर लागतेंच, त्याकडे वळूं. कुस्ती ही आपल्या महाराष्ट्राची घरची विद्या. छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापुरास खासबाग मैदान बांधविलें, तें १९१२ सालीं पुरें झालें. इकडे अमरावतीस १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें, व त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें आपले देशी खेळ करून दाखविले. विदर्भांत नागपंचमीच्या सुमारास दंगलींचे ढोल वाजत आले आहेत. इतकें असूनही जागतिक कुस्तींत आपण पुष्कळ काळ मागें कां राहिलों?

या प्रश्नाचें उत्तर पायांखालच्या जमिनींत आहे. आपल्या हौद्यांतील तांबडी माती चाळून, तींत ताक, तेल, हळद मिसळून मऊ केलेली असते. तींत पाय रुततो, घामानें निसटणारें अंग मातीनें धरतां येतें, लंगोटाला हात घालतां येतो. जुन्या रीतीप्रमाणें वेळेचें बंधन नसे. प्रतिपक्षास चीतपट करणें हाच निकाल. म्हणून आपला मल्ल दमदार, चिवट, डाव राखून ठेवणारा बनतो. गादीवरील मुक्त कुस्ती आज तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. तेथें खालीं पाडल्याचे गुण, पाठ वळविल्याचे गुण, वर्तुळाबाहेर ढकलल्याचा गुण. दहा गुणांची आघाडी झाली कीं पाठ न टेकतांच कुस्ती संपली. कपड्यास हात लावणें तेथें निषिद्ध. पाय रुतत नाहीं, त्यामुळें पट काढणारा विजेसारखा आंत शिरतो. दोन्ही ठिकाणीं कुस्तीच, पण मातीवर ज्या धिम्या गुणाचें कौतुक होतें, तोच गुण गादीवर अंगाशीं येतो. यांत कमीजास्त रक्ताचा संबंध कोठें आला?

याचें जुनें उदाहरण गामा पहिलवानांचें. सन १९१० च्या सप्टेंबरांत लंडनला त्यांची व पोलंडच्या झिबिस्को याची गांठ पडली. झिबिस्कोनें ओळखलें कीं उभ्यानें आपला निभाव लागणार नाहीं. तो पोटावर पालथा पडला आणि सुमारें अडीच तास तसाच जमिनीस चिकटून राहिला. निकाल लागला नाहीं. पुन्हां नेमलेल्या दिवशीं तो आलाच नाहीं. १९२८ सालीं पतियाळास ते दोघे फिरून लढले, तेव्हां गामांनीं त्यास मिनिटभराच्या आंत आस्मान दाखविलें. झिबिस्कोचें वय तोंवर झालें होतें, हें मान्य केलें पाहिजे. तरी लंडनचे नियम व पतियाळाचे नियम यांचा वाटाही लहान नव्हता.

खाशाबा जाधव यांची हकीकत याहून बोलकी आहे. ते सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे, जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. खाशाबा मातींत वाढले आणि १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकास गेले, तेव्हां गादीशीं त्यांचा परिचय जवळजवळ नव्हता. तेथें रीस गार्डनर नांवाच्या परदेशी शिक्षकानें त्यांना नवे नियम शिकविले, आणि त्या अल्प शिक्षणावर त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. पुढें चार वर्षें त्यांनीं त्याच अंगानें मेहनत केली. हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही शिक्षक आहों; ही गोष्ट सांगतांना आमचा आवाज थोडा चढल्यास वाचकांनीं क्षमा करावी. १९५२ सालीं खाशाबांनीं ५७ किलो वजनाच्या गटांत कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतास व्यक्तिगत स्पर्धेंत मिळालेलें ऑलिंपिकांतील तें पहिलें पदक होय. चार वर्षांत त्यांचें रक्त बदललें नव्हतें. बदलली होती ती तालीम.

त्या गटांत सुवर्णपदक मिळविलें तें जपानच्या शोहाची इशी यांनीं. हे मूळचे ज्यूदो खेळणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अंमलाखालीं ज्यूदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले, आणि ज्यूदोंतील तोल ढळविण्याची कला बरोबर घेऊन आले. हेलसिंकीस जपानला मिळालेलें तें एकमेव सुवर्णपदक. एका सरकारी हुकुमानें एका देशाचें कौशल्य एका खेळांतून दुसऱ्यांत कसें ओतलें जातें, याचा हा नमुना आहे.

यानंतर कुस्तींतील पुढचें ऑलिंपिक पदक भारतास मिळावयास ५६ वर्षें लागलीं. २००८ सालीं सुशील कुमार, २०१२ सालीं योगेश्वर दत्त, पुढें रवि दहिया, आणि २०२४ सालीं अमन सेहरावत हे सारे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमच्या तालमींत तयार झालेले. पदकें एका देशाच्या नांवावर जमा झालीं, पण तीं निघालीं एका आवाराच्या गादीवरून. महाराष्ट्रांत मल्लांची वाण कधींच नव्हती. बीड जिल्ह्याच्या राहुल आवारे यांनीं २०१९ च्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलेंही. तथापि ऑलिंपिकांतील कुस्तीचें पदक खाशाबांनंतर आजवर महाराष्ट्राच्या मल्लास मिळालेलें नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें याचें एक मोठें कारण असें कीं, आपल्याकडे मान, बक्षिसें आणि जत्रेंतील टाळ्या दीर्घकाळ मातीच्याच वांट्यास आल्या. ज्या गोष्टीची टाळी मिळते, तीच गोष्ट मुलगा शिकतो.

देशाचें नांव किती फसवें असतें, हें पॅरिस येथें २०२४ सालीं दिसलें. मुक्त कुस्तींत उझबेकिस्तान, बल्गेरिया व बहरीन या तीन देशांनीं एकेक सुवर्णपदक मिळविलें. तें मिळवून देणारे तिघेही मल्ल रशियांतील दागेस्तान या एकाच डोंगरी प्रांतांत वाढलेले! बहरीनच्या वाळवंटांत एकाएकीं मल्लांचें पीक आलें, असें निकालपत्रकावरून वाटेल. बीज मात्र दागेस्तानच्या तालमींतलें होतें.

येथें एक आक्षेप येईल. माणसामाणसांत जन्मतः कांहींच भेद नाहीं काय? आहे. एकाच घरांतील दोन भावांत असतो. म्हणूनच कुस्तींत वजनाचे गट पाडतात. पण असे उपजत गुणी मूल प्रत्येक जिल्ह्यांत जन्मास येतें. त्याच्या घरापासून चालत जातां येईल इतक्या अंतरावर गादी आहे काय, तिच्यावर त्यास पाडणारा जोड आहे काय, यावर त्या जिल्ह्याची कीर्ति ठरते. व्यक्तीचा भेद जन्माचा असूं शकेल. देशादेशांतील भेद बहुतांशीं सोबतीचा आहे.

आमच्या नागपुरानें हें बुद्धिबळांत दाखविलेंच आहे. रौनक साधवानी २०१९ सालीं, संकल्प गुप्ता २०२१ सालीं, आणि दिव्या देशमुख २०२५ सालीं ग्रँडमास्टर झाले. दिव्येनें तर त्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें, आंध्रच्या अनुभवी कोनेरू हंपी यांस हरवून, महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हां तिचें वय १९ वर्षांचें होतें. सहा वर्षांत एका शहरांत तीन! नागपूरच्या पाण्यांत २०१९ पूर्वीं जें नव्हतें तें एकदम आलें, असें कोणी म्हणणार नाहीं. एकाचा खेळ पाहून दुसऱ्याच्या आईबापांस धीर आला, वर्ग वाढले, आणि स्थानिक स्पर्धांतच मुलांना तगडे प्रतिस्पर्धी मिळूं लागले.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं सुटींतील काम म्हणून आम्ही एक गोष्ट सुचवितों. आपल्या वस्तीच्या जवळचा आखाडा शोधून तेथें सकाळीं जावें व वस्तादांची परवानगी घेऊन वहींत टिपावें कीं हौद्याशेजारीं गादी आहे काय. असल्यास आठवड्यांतून किती दिवस अंथरली जाते. तीवर किती मुलें उतरतात व त्यांत मुली किती. एका मुलास एका सकाळीं निरनिराळे किती जोड मिळतात. आणि मागील वर्षीं त्यांपैकीं कितीजण जिल्ह्याबाहेर लढावयास गेले, व त्यांचें भाडें कोणीं दिलें. आखाडा न सांपडल्यास तसेंही लिहून आणावें.