‘शाळा’ आवडते, तरी भांडण आहेच

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००४ साली काढली. मुलुंडच्या आमच्या घरात ती आली ती कपाटात कमी आणि कुणाच्या तरी हातात जास्त. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर आणि आणीबाणीचा काळ. एवढ्याशा गोष्टीवरून घरात, लायब्ररीत, गाडीत इतके वाद झालेत की थोडंफार शहाणपण पदरात पडलं.

१. गोष्ट कोण सांगतंय, ते आधी बघावं.
‘शाळा’ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मुकुंदची आहे. शिरोडकर आज हसली, आज बघितलं नाही, आज वेणीच्या जागी काहीतरी वेगळंच होतं, असं सगळं त्याच्या हिशेबाने कळतं. तिच्या मनात काय चाललंय, हे त्यालाही नीट ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन आणि त्याची सुमी घ्या, तिथेही सांगणारा मुलगाच. अंधेरीला राहणारी माझी भाची जॉन ग्रीनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’वर वाढलेली. त्यात आपली गोष्ट नायिका हेझल स्वतः सांगते. ‘शाळा’ संपवून भाची म्हणाली, “मावशी, छान आहे. पण शिरोडकरचं पुस्तक कुठे मिळेल?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२. वाचताना गोड वाटतं, ते रस्त्यावर गोड असेलच असं नाही.
मुकुंद आणि त्याचे मित्र बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत अड्डा जमवतात, मुलींच्या जाण्यायेण्याच्या वेळा पाठ करतात, मागेमागे जातात. पानावर ते निरागस आहे, कारण मुकुंदच्या पोटातली धडधड आपल्याला ऐकू येते. आमच्या वेळी क्लास सुटल्यावर मागून सायकलची घंटा उगाच वाजत राहिली की आम्ही दोघीतिघी चपला ओढत किराणा दुकानात शिरायचो आणि नको असलेली खडीसाखर घेऊन बाहेर पडायचो. मागच्या मुलाची धडधड आम्हाला ऐकू येत नव्हती. तोही कदाचित मुकुंदच असेल. पण आम्हाला ते कसं कळणार?

३. शेवटावरून प्रेमकथेचा निकाल लावू नये.
शिरोडकर गाव सोडून निघून जाते आणि मुकुंदपुढे दहावी उभी राहते. “हा काय शेवट झाला?” ही तक्रार मी घाटकोपर ते अंधेरी मेट्रोत अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतली आहे. इथे मात्र मी बोकिलांच्या बाजूने. चौदाव्या वर्षी कुठे राहायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुणाशी बोलायचं, हे सगळं मोठी माणसं ठरवतात. आणीबाणीत ती मोठी माणसंही गप्प बसलेली आहेत. वरून हुकूम आला की खाली निमूट मान डोलवायची, ही रीत वर्गातही आहे आणि देशातही. म्हणून तो शेवट मला खरा वाटतो. माझा राग एवढाच की, ज्या मुलीला न विचारता घर हलतं, तिला कादंबरीनेही एक पान दिलं नाही.

४. आपण पुस्तकावर प्रेम करतोय की स्वतःच्या शाळेवर, हे तपासावं.
माझ्या वयाच्या बायका ‘शाळा’चं नाव काढलं की हळव्या होतात. बाकावर करकटकाने कोरलेली नावं, ऑफ तास, मधल्या सुट्टीतला डबा. उपनगरांत मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत चाललेत, काही शाळांना कुलपं लागली. त्या हळहळीचे गुण नकळत कादंबरीच्या खात्यात जमा होतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांचं मत म्हणूनच मी मुद्दाम विचारते. त्यांना पुस्तक आवडलं, तर ते पुस्तकामुळेच.

५. सिनेमाला पुस्तकाची नक्कल समजू नये.
२००८ मध्ये या कादंबरीवर ‘हमने जीना सीख लिया’ हा हिंदी सिनेमा आला. मग २०१२ च्या जानेवारीत सुजय डहाकेचा ‘शाळा’ आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मुकुंदच्या मनातली बडबड पडद्यावर बरीच गळते, तेवढं नुकसान आहेच. पण केतकी माटेगावकरची शिरोडकर समोर दिसते. मुकुंदने वर्णन करायची वाट न बघता आपण तिचा चेहरा वाचू शकतो. पुस्तकात मला जे कमी पडत होतं, त्यातलं थोडं मला तिथे मिळालं.

६. मुलांना पुस्तक द्यावं, सोबत आपलं मत देऊ नये.
“आमच्या वेळी असं निखळ प्रेम असायचं” म्हणून ‘शाळा’ हातात ठेवली की मुलं ती उशीखाली ठेवतात ती कायमची. नुसती टेबलावर सोडली तर वाचतात. वाचल्यावर मुकुंदची बाजू घेणारी असतात, त्याला नावं ठेवणारी असतात, मुकुंदच्या मित्राचे, सुऱ्याचे, संवाद तोंडपाठ म्हणणारीही असतात. सगळ्यांचं ऐकून घ्यावं. मुकुंदला मोकळेपणाने बोलायला नरूमामा होता. तसं एक माणूस प्रत्येक घरात असावं.

७. आवडणं आणि पटणं यांची सक्तीने गाठ मारू नये.
‘शाळा’ मी पुन्हा वाचेन आणि पुन्हा त्याच जागी अडेन. म्हणून ती कमी आवडत नाही. न आवडलेल्या पुस्तकाशी इतकी वर्षं भांडायला वेळ कुणाला आहे?