महाग कुठे घ्यावं, साधं कुठे चालतं

आमच्या चोपडा गावात आता मागवलं तर काहीही मिळतं. ऑलिव्ह तेल, गुलाबी मीठ, परदेशी चॉकलेट, काश्मिरी केशर, सगळं घरपोच. मुलं-सुना पुण्या-मुंबईला असल्या की दिवाळीला अशा बाटल्या-डब्यांची फळीवर रांगच लागते. त्यातलं काय महागाचं घ्यावं आणि कशाला हात लावू नये, याचा आमच्या घरचा हिशेब बऱ्यावाईट अनुभवांतून पक्का झाला आहे. तो सांगते.

पहिला धडा केशराचा. नात्यातल्या एकांनी सहलीहून मखमली खोक्यातली डबी आणली होती, तीही निम्म्या भावात. केळवणाच्या बासुंदीसाठी चमचाभर कोमट दुधात काड्या टाकल्या. दूध क्षणात पिवळंधमक झालं आणि काड्या पांढुरक्या पडल्या. वासाचा पत्ता नाही. रंगवलेलं काहीतरी होतं. खरं केशर सावकाश, दहा-पंधरा मिनिटांत रंग सोडतं आणि काडी लालच राहते. जिभेवर ते किंचित कडवट लागतं, गोड कधीच नाही. एका ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात आणि प्रत्येकातले तीन तंतू हाताने खुडावे लागतात. ते निम्म्या भावात कोण देईल? काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. घ्यायचं तर तो शिक्का असलेली अर्ध्या ग्रॅमची डबी घ्या, नाहीतर बासुंदी वेलदोड्यावर भागवा. मधलं काही घेऊ नका.

काळ्या मसाल्याचा हिशेब वेगळा. पातळ पापुद्र्यांची सिलोनी दालचिनी महाग असते आणि तिचा नाजूक गोडवा खिरीत, चहात कळतोही. शेवभाजीच्या रश्श्यात मात्र लसूण, मिरची आणि भाजलेल्या खोबऱ्यापुढे ती कुठल्या कुठे जाते. तिथे नेहमीची जाड सालीचीच आणा. वाचलेले पैसे मिरची आणि खोबऱ्याला लावा. मिरची देठासकट घ्या, मोडून बघा, आतून काळपट असेल तर सोडून द्या. खोबऱ्याची वाटी फोडून तुकडा चावा. किंचित खवट लागला तरी ती वाटी नको. भाजल्याने खवटपणा जात नाही, तो वर्षभराच्या मसाल्यात उतरतो. धणे, हळद, मिरची यांची तयार पूड विकत घेण्यापेक्षा अख्खी घेऊन दळून आणली की भेसळीची भीती बरीच कमी होते.

आता तेल. भेट आलेली एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची बाटली आमच्याकडे जपून वापरू म्हणत गॅसजवळच्या खिडकीत राहिली. चोपड्याच्या मे महिन्यात ती तिथे कशी टिकणार? या तेलाला ऊन आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत. उघडलं तेव्हा जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला. शिवाय ते फोडणीत घातलं की ज्या सुवासाचे पैसे मोजले तोच उडून जातो. सॅलडवर कच्चं घालणार असाल तरच लहान बाटली आणा. आपल्याला खिचडीवर कच्चं तेल ओतून घ्यायची सवय. तिथे घाण्याचं शेंगदाणा तेल रिफाइंडपेक्षा महाग पडलं तरी घ्यावं, कारण त्याची चव थेट जिभेला लागते. पापड-कुरडया तळायला रिफाइंड चालतं.

सगळ्यात स्वस्त चैन भरिताची. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं. थंडीत बामणोदकडचं हिरवट-पांढरं, कमी बियांचं मोठं वांगं मिळालं तर भावात घासाघीस करू नका. ते कपाशीच्या काड्यांवर भाजा, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घाला. कुठल्याही परदेशी बाटलीने ही चव येत नाही.

सातपुड्यातून येणाऱ्या चारोळी आणि धावड्याच्या डिंकाचंही तसंच. डिंक घेताना दोन खडे घरी आणून तुपात तळून बघा. फुलून कुरकुरीत झाला, दाताला चिकटला नाही, तरच लाडवापुरता घ्या. चारोळीत तेल फार, ती लवकर खवट होते. शंभर ग्रॅम पुरे, तीही फ्रिजमध्ये.

गुलाबी मिठावर मात्र पैसे घालवू नका. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. त्यातली बाकीची खनिजं नगण्य, आणि वरून घातलं नसेल तर आयोडीनही पुरेसं नाही. उपवासाला थोडं सैंधव ठेवा, रोजच्या भाजीला आयोडीनयुक्त मीठच. मधाच्या बाबतीत पाण्यातला थेंब आणि पेटवलेली वात यांवर भिस्त ठेवू नका. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० मध्ये १३ ब्रँड तपासले आणि १० शुद्धतेच्या कसोटीला उतरले नाहीत असं जाहीर केलं. साखरेचा पाक साध्या चाचण्यांतून निसटतो, मग घरच्या परीक्षेत तो कुठला सापडणार?

पाकिटाच्या पुढच्या चित्रापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी असतो. चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी लिहिली असेल तर चॉकलेटचा भाव देऊ नका. किमतीशेजारी प्रति ग्रॅम दर छापलेला असतो, तो बघितला की नक्षीदार बरणीचं खरं मोल कळतं.

थोडक्यात, ज्या जिनसाची चव पदार्थात उघडी पडते तिथे पैसे टाका, जी मिरची-मसाल्याखाली दबते तिथे साधं आणा. आणि महागाची वस्तू आणलीच, तर पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. ताजी आहे तोवर घरच्यांना खाऊ घाला.