दवाखान्याची सावड

लावणीचे दिवस आले की आपल्याकडे सावड होते. आज तुमच्या घरची चार माणसे आमच्या शेतात येतात. उद्या आमची चार माणसे तुमच्या शेतात जातात. दोघांचेही काम वेळेवर उरकते. पण सावड टिकते कशाने? हिशेबाने. एका घराने नुसते घ्यायचे आणि दुसऱ्याने नुसते द्यायचे, असे झाले तर पुढच्या वर्षी सावड मोडते.

दवाखान्याचेही तसेच आहे. कसे ते आज पाहू.

आपला पोलादपूर तालुका रायगड जिल्ह्याच्या टोकाला आहे. आंबेनळी घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. आपल्या जिल्ह्याचे मोठे सरकारी रुग्णालय मात्र अलिबागला. घाटाकडच्या वाडीतल्या माणसाला महाबळेश्वर जवळ आणि अलिबाग लांब. मग आजारी माणसाने जवळचा दवाखाना पाहायचा, की आपला जिल्हा पाहायचा?

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात एक बस दरीत कोसळली. ३० माणसे दगावली. त्या वेळी पोलादपूरचे लोक धावले, तसे महाबळेश्वरचे लोकही दोर घेऊन दरीत उतरले. हद्द कोणाची, हे कोणी विचारले नाही. संकटात शेजारधर्म असाच असतो. पण रोजच्या आजारपणाला नुसता शेजारधर्म पुरत नाही. डॉक्टरांचा पगार, औषधे, खाटा यांचा खर्च रोजचा असतो. तो कोणाला तरी भरावाच लागतो.

जिल्हा बदलला तरी राज्य एकच असते. सरकार तेच आणि खजिना तोच. राज्य बदलले की मात्र खजिनाही बदलतो. मग प्रश्न उभा राहतो. याचे उदाहरण आपल्या कोकणातच घडले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून गोवा राज्य आहे. तिथे पणजीजवळ बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसे वर्षानुवर्षे तिथे जात. उपचार फुकट होत. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने बाहेरच्या राज्यांतील रुग्णांना शुल्क लावले. गोव्याचे म्हणणे असे, की आमच्या रुग्णालयावर फार भार पडतो. सिंधुदुर्गातले गरीब म्हणाले, "आम्ही जायचं कुठं?" दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

दोडामार्गला लोकांनी आंदोलन केले. दोन्ही सरकारांची बोलणी झाली. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना गोव्याच्या त्या रुग्णालयात लागू करायचे ठरले. याचा अर्थ काय? रुग्ण महाराष्ट्राचा, डॉक्टर गोव्याचा, आणि योजनेत बसणाऱ्या उपचारांचा खर्च महाराष्ट्राच्या योजनेतून. अशी बोली कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या, की तिला करार म्हणतात. करार म्हणजे दोन सरकारांची सावडच म्हणा ना!

परदेशातही हे चालते. स्पेन आणि फ्रान्स या दोन देशांच्या सीमेवर सेरदान्या नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे दोन्ही देशांच्या लोकांसाठी मिळून एकच रुग्णालय उभारले. ते २०१४ साली सुरू झाले. खर्चाचे वाटे आधीच ठरले होते. शंभरातले साठ स्पेनच्या बाजूने, चाळीस फ्रान्सने.

आता आपल्या घरचे पाहू. वर सांगितलेली योजना २०१२ साली वेगळ्या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला रायगड होता. २०१८ साली केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली. तिचे कार्ड दुसऱ्या राज्यातही, योजनेत असलेल्या रुग्णालयात चालते. कामासाठी सुरत-बडोद्याला गेलेल्या आपल्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

पण करार सरकारने केला, तरी कागद आपणच सांभाळायचा असतो. मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईचे पोटाचे ऑपरेशन करायचे होते. तिला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. रेशनकार्ड घरीच राहिले होते. योजनेबद्दल त्यांना कोणी काही सांगितले नाही. मुलाच्या बापाने बैलजोडी विकून पैसे भरले. बाई वाचली. पण त्या वर्षी शेत दुसऱ्याच्या बैलांनी नांगरावे लागले.

पुढे मी त्या रुग्णालयात गेलो. भिंतीवर योजनेची मोठी पाटी होती. तो म्हणाला, "गुरुजी, मी दोन दिवस याच पाटीखाली बसलो होतो. वाचता कुठं येत होतं मला!"

तुम्हाला आता वाचता येते. दवाखान्यात गेलात की आधी पाटी वाचा.

लक्षात ठेवा

१. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत ठेवा. दोन्हींवर नाव सारखेच आहे ना, ते आजच वाचून पाहा.
२. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. त्याला भेटा. न लाजता विचारा.
३. तातडीच्या वेळी कागदांसाठी थांबू नका. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न

१. सावड कशाने टिकते?
२. गोव्याचे म्हणणे काय होते? सिंधुदुर्गच्या लोकांचे काय होते?
३. करार म्हणजे काय?
४. तुमच्या वाडीला सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना कोणता? त्याचे नाव वहीत लिहा.