गिझर पेटत नसेल, तर आधी हात आवरा

बदलापूरला थंडी पडली की आमचा सीझन सुरू होतो. मुंबईपेक्षा इथला पारा चांगलाच खाली उतरतो, पहाटेची लोकल गाठायची असते, आणि विजेचं बिल आठवलं की माणूस गॅस गिझरकडेच वळतो. उल्हासनगर ते बदलापूर गिझर बसवणं नि दुरुस्त करणं हा माझा धंदा. ‘स्वतः उघडू नका’ असं मी म्हटलं की लोक हसतात; याला व्हिजिट चार्ज हवाय, असं त्यांना वाटतं. म्हणून घरच्या घरी काय करता येतं, ते आधी सांगतो.

गिझरचे मोठे सेल बदला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. गॅस आणि पाणी बंद करून पाणी आत येतं तिथली जाळी काढा, कचरा धुऊन परत लावा. सिलिंडरच्या नारिंगी नळीवरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर नळी बदलून घ्या. जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. तुमची हद्द इथे संपते. पत्र्याचं झाकण उघडायचं काम तुमचं नाही.

कारण सांगतो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला डायफ्रॅम सरकतो, मग गॅस सुटतो, ठिणगी पडते. ज्योत लागली नाही तर सेन्सर गॅस तोडतो. गिझर पेटत नाही, तेव्हा या साखळीतल्या कुणीतरी नकार दिलेला असतो. सर्वात वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावरच असते, पाण्याला जोर नसतो, म्हणून तिथले गिझर हटकून अडतात. मग कुणी स्प्रिंग ढिली करतं, कुणी पिन पुढे ओढतं, कुणी सेन्सरच वाकवून ठेवतं. नकार देणारा भाग गप्प केला की गिझर पेटतो आणि दुरुस्ती झाली असं वाटतं.

अंबरनाथ पूर्वेच्या एका घरातला गिझर अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला होता. पाणी कोमट येऊ लागलं, ते साहजिकच होतं. एका घनमीटर सिलिंडरच्या गॅसमध्ये पाइपच्या गॅसच्या साधारण अडीचपट उष्णता असते, त्यामुळे सिलिंडरच्या गिझरचे जेट बारीक असतात. घरातले दादा एमआयडीसीत टर्नर. त्यांनी बारीक ड्रिलने सगळे जेट मोठे केले. काम इतकं सफाईदार की मलाही जमलं नसतं. पाणी कडक येऊ लागलं, घरचे खूश झाले. पण भोकं गरजेपेक्षा मोठी झाली होती. गॅस जास्त, हवा कमी, ज्योत पिवळी. वरच्या पात्यांत काजळी दाटली आणि धूर बाथरूममध्येच उतरू लागला. चौथ्या नंबरला आंघोळीला गेलेल्या वहिनी आतच कोसळल्या. कडी लावलेली नव्हती म्हणून वाचल्या. दादांचा हात चांगलाच होता. जेट किती मोठा हवा, ते मात्र हाताला कळत नाही. ते कंपनीने त्या मॉडेलसाठी ठरवलेलं असतं.

ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने त्याला धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात. शुद्ध असली तरी कडीपर्यंत हात पोचत नाही. आमच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. एमआयडीसीच्या वासाची इथे सवय झालेली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या रस्त्यांवर रासायनिक धूर पसरला, तेव्हा लोक डोळे चोळत बाहेर आले. ‘धोका असेल तर वास येईल’ हे इथल्या माणसाच्या मनात पक्कं बसलंय. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

त्यात मोऱ्या बंद. फाळणीनंतर उल्हासनगरात निर्वासित लष्करी बरॅकींमध्ये राहिले. त्या जागांची पुढे घरं झाली, मजले चढले, आणि कोपऱ्यात बिनखिडकीची मोरी निघाली. पहाटे घरातले सगळे एकामागून एक आंघोळ करतात, गिझर थंडच होत नाही. अशा ठिकाणी नवा, चांगला गिझरही घात करतो. गिझर ड्राय बाल्कनीत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. ते जमत नसेल तर बादली भरा, गिझर बंद करा, दार काही वेळ उघडं ठेवा, मग आंघोळ करा.

आता कायदा. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन गॅसचं काम करणाऱ्याला ‘गॅस सेफ’ रजिस्टरवर नाव असावं लागतं. इथे माझ्याकडे आजवर कुणी परवाना मागितलेला नाही. पण म्हणून सगळं चालतं असं नाही. सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाइप गॅसचा मीटर कंपनीच्या मालकीचे असतात, ते उघडायचा किंवा बदलायचा अधिकार आपल्याला नाही. गिझर तुमचा असला तरी भिंतीपलीकडे शेजारी राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ नुसार आग किंवा ज्वलनशील पदार्थाबाबत निष्काळजीपणा केला आणि कुणाचा जीव धोक्यात आला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी दगावलं तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. हौस म्हणून केलं होतं, हे तिथे उत्तर होत नाही.

आंघोळीला गेलेलं माणूस ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोचताच ‘गॅस गिझर चालू होता’ हे पहिलं सांगा. बोटाला लावायच्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड ओळखता येत नाही, ते ऑक्सिजन ठीक असल्याचंच दाखवतं. सिलिंडरचा वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ लावा.

शेवटी आमच्याबद्दल. मेकॅनिकने गिझर पेटवून दाखवला म्हणजे काम झालं असं मानू नका. ज्योत निळी आहे का, धूर घराबाहेर जातो का, नळ बंद केल्याबरोबर ज्योत विझते का, हे तिन्ही डोळ्यांदेखत दाखवायला सांगा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. आला, तर दुसरा बोलवा.