बहात्तरचा दुष्काळ : पुस्तकातला आणि आजीच्या आठवणीतला



आपल्या गटाची इतिवृत्ताची वही उघडून बघा. 'सदस्येला ५,००० रुपये कर्ज मंजूर' एवढंच लिहिलेलं असतं. त्या दिवशी कोण अडून बसलं, मग समजूत कशी पडली, हे वहीत नसतं. ते बैठकीला बसलेल्यांनाच माहीत. पण दोन वर्षांनी किती फेडले यावरून वाद झाला, तर वहीच काढावी लागते. इतिहास शिकतानाही दोन्ही लागतं, कागद आणि आठवण. उदाहरण म्हणून १९७२ चा दुष्काळ घेऊ.

अभ्यासकांकडून काय कळतं?

१९७० पासूनच राज्याच्या बऱ्याच भागात पाऊस कमी पडत होता. १९७२ ला तर पिकं गेलीच. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या साधारण ५ कोटी. म्हणजे दहा माणसांमागे एक जण कामावर! त्यात बाया मोठ्या संख्येनं होत्या.

वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेला या काळात जोर आला. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैशासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

एका गावात, एका कामावर खडी फोडणाऱ्या बाईला हे सगळं चित्र दिसणं शक्य नव्हतं. ते अभ्यासानं जुळवलं.

आजीकडून काय कळतं?

लाल मिलोची भाकरी कशी लागायची, सुकडी कुणाच्या वाट्याला किती यायची, तान्ह्याची झोळी कुठं बांधायची, हातावरचे फोड. आणि महत्त्वाचं म्हणजे कुणाच्या विहिरीवर कुणाला पाणी भरू दिलं आणि कुणाला लांब उभं केलं. ५० लाखांच्या आकड्यात आजी आहे, पण तिचा दिवस त्यात नाही.

अभ्यासकांनाही याची किंमत कळते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. ज्या बायांनी कधी कागदावर लिहिलं नाही, त्यांचं म्हणणं त्यामुळे टिकलं.

चूक कुठं होते?

दोन्हीकडे. आठवणीत वर्षं एकमेकांत मिसळतात. १९७३ ची गोष्टही 'बहात्तरची' म्हणूनच सांगितली जाते. कागद कुणी लिहिला हेही बघावं लागतं. हजेरीपटावर कामावर आलेल्यांची नावं असतात, काम न मिळता परत गेलेल्या बाईचं नाव तिथं नसतं. म्हणून एकानं दुसऱ्याची पारख करायची.

आपण काय करायचं?

१. आजीला साल विचारू नका. 'तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरला किती वर्षांचा होता?' असं विचारा. साल आपोआप निघतं.

२. एकीलाच विचारून थांबू नका. वेगवेगळ्या वस्तीतल्या तिघींना वेगवेगळं भेटा.

३. त्यांचं म्हणणं जुळलं नाही तर खोडू नका. दोन्ही लिहा आणि कोण सांगतंय तेही लिहा.

४. शाळेचं रजिस्टर, ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर बघायला मिळालं तर ताडून बघा.

५. लिहिण्याआधी परवानगी घ्या. जे नको म्हणतील ते वगळा.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गावातला कोणता तलाव किंवा रस्ता दुष्काळी कामातला आहे? त्यावर कोणकोण राबलं?

• त्या वर्षी पाणी कुठून आणलं? सगळ्यांना सारखं मिळालं का?

• आपल्या गटाबद्दल वहीत नसलेली, पण पुढच्या मुलींना कळावी अशी गोष्ट कोणती?

बहात्तरला जी पोरगी पंधरा वर्षांची होती, ती आज सत्तरीच्या घरात आहे. पुस्तक पुढच्या वर्षीही वाचता येईल. तिच्याकडे मात्र याच महिन्यात जाऊन बसा. सोबत वही-पेन न्या आणि ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत लिहिलेलं वाचून दाखवा.