शोषण नव्हे, अधिशोषण : पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक आणि चुंबकीय कण

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात जमिनीतले आर्सेनिक उतरते. त्याला रंग, वास वा चव नसते. त्यामुळे ते वर्षानुवर्षे पोटात जात राहते. त्वचेचे विकार आणि पुढे कर्करोगही उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

हे विष काढण्यासाठी मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड उपयोगी पडते. येथे दोन संज्ञांतील भेद ध्यानात घ्यावा. स्पंज पाणी आत घेतो, ते शोषण. आर्सेनिक मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागाला चिकटते, ते अधिशोषण. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा, तितके काम अधिक. एक ग्रॅम मॅग्नेटाइटचे १२ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ९६ चौरस मीटर भरतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

इतके सूक्ष्म कण साध्या गाळणीत अडकत नाहीत आणि त्यांना ओढण्यास अतिप्रबळ चुंबक लागेल, असा समज होता. २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात व्हिकी कॉल्विन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हातात मावणारा चुंबकही पुरतो. चुंबकीय क्षेत्रात कण परस्परांना खेचतात आणि त्यांचे पुंजके होतात.

मात्र अधिशोषणाने आर्सेनिक नष्ट होत नाही. पाण्यातून ते गाळात जाते आणि तो गाळ विषारीच असतो. शिक्षकांनी म्हणून ‘आर्सेनिक नाहीसे झाले’ असे न सांगता ‘वेगळे झाले’ असे सांगावे. म्हणजे ‘मग त्या गाळाचे काय करायचे?’ हा खरा प्रश्न विद्यार्थ्यांना सुचेल.