जुन्या केरिसची पारख

जावा, बाली आणि भोवतालच्या बेटांवर केरिस या खंजिराला शस्त्राइतकेच वारशाचेही मोल आहे. पित्याकडून पुत्राकडे तो श्रद्धेने सोपविला जातो. मात्र केरिस ही एकाच हाताने घडलेली वस्तू नव्हे. पाते घडवितो तो लोहार म्हणजे ‘एम्पू’. म्यान करणारा, मूठ कोरणारा आणि म्यानावर धातूचा पत्रा चढविणारा हे निराळे कारागीर असतात. पाते कित्येक पिढ्या टिकते. म्यान व मूठ मात्र झिजल्यावर किंवा मालक बदलल्यावर नवी केली जाते. यास्तव प्रत्येक भागाचे वय व मूळ स्थान स्वतंत्रपणे ठरवावे, हा पारखीचा पहिला नियम होय.

परीक्षेचा आरंभ पात्यापासून करावा. केरिसचे पाते बुडाशी रुंद असते आणि त्याच्या दोन बाजू असमान असतात. बुडाशी ‘गन्जा’ नावाची आडवी पट्टी बहुधा वेगळी घडवून बसविलेली असते. मुठीत शिरणारा गोल दांडा, म्हणजे ‘पेसी’, या पट्टीतून आरपार जातो. सांध्याची बारीक रेषा दिसते का, हे पाहावे. तथापि गन्जा व पाते अखंड असलेले केरिसही आढळतात. काही पाती सरळ, तर काही नागमोडी असतात. या वळणांना ‘लुक’ म्हणतात आणि त्यांची संख्या नेहमी विषम असते. मोजणी सम आली, तर ती पुन्हा करावी.

यानंतर ‘पामोर’, म्हणजे पात्यावरील रुपेरी नक्षी तपासावी. साधे लोखंड व निकेलयुक्त लोखंड यांचे थर तापवून पुनःपुन्हा ठोकले जातात. मध्यभागी धारेसाठी पोलाद ठेवतात. पुढे सोमल व लिंबाचा रस यांचा लेप दिला असता लोखंड काळे पडते आणि निकेलयुक्त थर उजळ राहतात. खरी नक्षी थरांतून उमटलेली असल्यामुळे पाते झिजले, तरी लाकडातील रेषांप्रमाणे ती आतून दिसत राहते. आम्लाने वर कोरलेली नक्कल पृष्ठभागापुरतीच असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रंबानन येथील उल्केचे लोखंड सुरकर्ताच्या राजवाड्यात आले व त्याचा पामोरसाठी उपयोग झाला, हे खरे. परंतु प्रत्येक उजळ नक्षी उल्केचीच, हा विक्रेत्याचा दावा नुसत्या डोळ्यांनी सिद्ध होत नाही.

गंज हाही वयाचा पुरावा नव्हे. वारंवार केलेल्या सफाईने जुन्या पात्याच्या कडा व बुडाजवळचे नाजूक दाते झिजतात. पण आम्लात ठेवलेले नवे पातेही अल्पावधीत जीर्ण दिसू लागते. जाणकार लोखंडाचा रंग, पात्याचे वजन व घडण यांवरून पाते माजापाहित, माताराम इत्यादी राज्यांच्या काळाशी जोडतात. या निर्णयाला ‘तांगुह’ म्हणतात. तो घडणीच्या परंपरेविषयीचा अभिप्राय असतो. नंतरच्या लोहारांनी जुन्या घडणीची अनुकरणे केली असल्यामुळे तो निश्चित तारीख देत नाही. ‘क्नाउड केरिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पात्यावर शके १२६४, म्हणजे इ. स. १३४२, असा अंक आहे. असे उदाहरण विरळा. हा शक महाराष्ट्रातील पंचांगात चालतो तोच होय.

म्यानाच्या वरच्या, नावेसारख्या लाकडी भागावरून प्रदेश व प्रसंग ओळखता येतो. समारंभी म्यानाला सुरकर्ता येथे ‘लाद्रांग’ व योग्यकर्ता येथे ‘ब्रांगाह’ म्हणतात. नित्याच्या साध्या आकाराचे नाव ‘गायामान’. म्यानाच्या तोंडावरील खाच गन्जाच्या मापाने कोरलेली असते. खाच सैल असेल किंवा भरून पुन्हा कोरलेली दिसेल, तर ते म्यान मुळात दुसऱ्या पात्याचे असावे. अशा जोडणीत फसवणूक असेलच असे नाही. मात्र तिची नोंद अवश्य व्हावी.

नोंद हरवली की काय घडते, हे राजपुत्र दिपोनेगोरो याच्या केरिसवरून दिसते. जावा युद्धानंतर, १८३० साली, डच सत्तेने त्याला कैद केले. त्याचा केरिस नेदरलँड्सला गेला आणि पुढे संग्रहालयात त्याची ओळखच पुसली गेली. सेंतोत याचे पत्र व चित्रकार राडेन सालेह याचे टिपण यांच्या आधारे शोध घेऊन मार्च २०२० मध्ये ‘नागसिलुमान’ या नावाने तो इंडोनेशियाला परत करण्यात आला. तेव्हाही काही इंडोनेशियन जाणकारांनी, पात्यावरील कोरीव नाग पाहता घडण ‘नागसास्रा’ प्रकारची असल्याची शंका उपस्थित केली. एकाच वस्तूविषयी कागद व लोखंड निराळी साक्ष देत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून जुना केरिस हाती आल्यास तो घासून चकचकीत करू नये. अंगावरील सोमल विषारी असतो, शिवाय घासण्याने पुरावाही नष्ट होतो. पाते, गन्जा, मूठ व म्यान यांची मापे आणि छायाचित्रे स्वतंत्र घ्यावीत, पूर्वीच्या मालकांकडून मिळालेली माहिती लिहून ठेवावी आणि मगच मूल्याचा विचार करावा.